आधी कावळा जेवू दे

आमचे सर कॉम्प्युटरला घाबरायचे असं कुणी म्हटलं की मी अजूनही भांडायला उठते. घाबरणारा माणूस कॉम्प्युटरसाठी बांगडा सोडत नाही. सर सोडायचे, आणि तोही बुधवारी, म्हणजे कणकवलीच्या बाजारात मासळीच्या टोपल्यांभोवती उभं राहायला जागा नसताना. महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी सुरक्षेचे पॅच येत, म्हणजे चोरवाटांची भोकं बुजवणारी ठिगळं. ते तिन्ही कॉम्प्युटरवर चढून, मशीन बंद होऊन परत सुरू होईपर्यंत सरांच्या पोटात चहाशिवाय काही जायचं नाही. सगळं नीट झालं की ते टाळी वाजवत आणि खालच्या खानावळीत दोन बांगडे तळायला सांगत. त्यातला एक माझा असे.

आमचं क्लिनिक म्हणजे एस.टी. स्टँडजवळच्या एका इमारतीचा पहिला मजला. इथे कमी ऐकू येणारी माणसं येतात, त्यांचे कान तपासायचे आणि त्यांना कानातली मशीन बसवून द्यायची, हे आमचं काम. मी मालवणची, किरिस्तांव घरातली, नुकती कॉलेज संपवून नोकरीला लागलेली. अंगात उत्साह इतका की नव्या मोबाइलचा खोका मी दुकानाच्या पायरीवरच फोडायची. आणि माझे साहेब कोण, तर नवी गोष्ट दारात आली की तिला आधी अंगणात बसवून ठेवणारे हे गृहस्थ. आमचं जमणार नाही अशी पैज क्लिनिकच्या मालक डॉक्टरांनी स्वतःशीच लावली होती. ते ती हरले.

पहिल्याच दिवशी मी आतल्या कॉम्प्युटरपुढे बसले तर पडद्यावर मोठी चौकट आली: तुमच्यासाठी नवी आवृत्ती तयार आहे. माझा हात आपोआप पुढे गेला. तेवढ्यात मागून एक सुका, हाडकुळा हात आला आणि माझ्या हातावर पडला.

"बाय, तो पावणो आसा," सर म्हणाले. "पावण्याक भायर काढूचो नाय. खळ्यात बसवचो, पाणी देवचा, खंयचो कोणाचो ता इचारूचा. मगे घरात."

मग त्यांनी मला कॉम्प्युटरच्या पोटातली एक जागा दाखवली. तिथे एक आकडा लिहिलेला होता, कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची जी आवृत्ती आम्ही वापरत होतो तिचा. याचा अर्थ इथवरच, पुढे जायचं नाही. नवी आवृत्ती कितीही दारात उभी राहिली तरी आत येणार नाही, पण दर महिन्याचे सुरक्षेचे पॅच मात्र बिनबोभाट येत राहतील. मला वाटायचं अपडेट म्हणजे अपडेट, सगळी एकाच माळेतली. सरांनी मला दोन्ही वेगळी करून दाखवली. त्यांच्या गावातल्या घराभोवती चिऱ्याचा गडगा होता. गडग्याचा एक चिरा निखळला तरी त्याच दिवशी बसवायचा, नाहीतर ढोरं आत शिरून माडांची रोपं खातात. पण घर मोडून नवं बांधायचं तर त्याला वेळकाळ बघावा लागतो. पॅच म्हणजे गडगा आणि नवी आवृत्ती म्हणजे घर. हे त्यांनी मला इतक्या रंगात येऊन सांगितलं की मी पहिल्या दिवसाचा डबा खायची विसरले.

सर मुळात शाळेत विज्ञान शिकवायचे. आतल्या गावचे, भातशेती आणि काजूची बाग असलेले. चाळिशीत त्यांचे कान जायला लागले. मागच्या बाकावरच्या मुलांची उत्तरं ऐकू येईनात, बरोबर उत्तराला ते चूक म्हणायला लागले, तेव्हा त्यांनी स्वतःहून शाळा सोडली. आमच्या क्लिनिकात ते पेशंट म्हणून आले, डाव्या कानात मशीन घालून घेतलं, आणि ते चालतं कसं हे विचारत विचारत तिथेच राहिले. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक बारका ब्रश, कापूस आणि बटणाएवढ्या बॅटऱ्या असत. समोरचा माणूस फारच मूर्खासारखं बोलायला लागला की सर मशीन कानातून काढत, ब्रशने साफ करत बसत आणि तो गप्प झाला की परत घालत. मशीन विकायला येणाऱ्या एजंटांना वाटायचं, काय हा स्वच्छ माणूस.

आता त्या मशीनविषयी थोडं सांगायलाच हवं, नाहीतर सरांचा हट्ट कळणार नाही. कानातलं मशीन चष्म्यासारखं नुसतं चढवून चालत नाही. कुणाला बारीक आवाज येत नाहीत, कुणाला जाडे, कुणाला नवऱ्याचा तेवढा येत नाही. तेव्हा ते मशीन वायरने एका तळहाताएवढ्या डबीला जोडायचं, डबी कॉम्प्युटरला जोडायची आणि मग पडद्यावर बघत एकेक आवाज कमीजास्त करायचा. कुणाकुणाचा कान बसवायला सहा-सहा खेपा लागत. ते सगळे आकडे त्या आतल्या कॉम्प्युटरमध्ये होते आणि त्यांना कानापर्यंत नेणारी वाट एकच, ती डबी. डबी जुनी होती. नव्या आवृत्तीत ती चालेल की नाही, हे तिच्या कंपनीलाही ठाऊक नव्हतं. सर म्हणायचे, ह्या डबीत आख्ख्या तालुक्याचे कान आसत.

म्हणून दुसरा बुधवार हा आमचा सण. सर सकाळी लवकर येत, शटर अर्धं ओढत, उदबत्ती लावत आणि तिन्ही कॉम्प्युटरसमोर उभं राहून गाऱ्हाणं घालत. आमच्याकडे जत्रेला, लग्नाला, नव्या होडीला देवापुढे जसं गाऱ्हाणं घालतात तसंच, त्याच ठसक्यात: "बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या राखणदारा, ह्या महिन्यात जी काय भोकां पडली आसत ती बुजव, वाकड्या वाटेन कोण येयत तर तेका गडग्याभायर ठेव, आणि खळ्यात जो पावणो बसलो आसा तेका आजून वायच धीर दी रे म्हाराजा." यावर मी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पहिल्या खेपेला माझ्या तोंडून सवयीने "आमेन" गेलं. मी जीभ चावली. सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, चलात, पोचल्याशी मतलब. पुढे मी "व्हय म्हाराजा" शिकले, पण पहिला महिना आमचं क्लिनिक आमेनवरच सुरक्षित राहिलं.

सरांचं बघून खालच्या झेरॉक्सवाल्यानेही आपल्या कॉम्प्युटरची अपडेट थांबवली. सगळीच. पॅचसकट. आणि वर येऊन ऐटीत सांगितलं की मीही तुमच्यासारखाच, दोन वर्षं काही आत येऊ दिलं नाही. सरांचा चेहरा पडला. ते तसेच उठून खाली गेले, पॅच चढवले, पण तोवर कुणीतरी आत शिरून दबा धरून बसलं होतं. पंधरा दिवसांतच एका सकाळी त्याच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलेलं निघालं, लोकांचे सातबारे, लग्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, सगळं. तो रडवेला होऊन वर आला आणि म्हणाला की मी तुमचंच ऐकलं होतं. सर इतके चिडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

"पावण्याक थांबय म्हणान सांगलंय," ते म्हणाले. "गडगो पाड म्हणान कधी सांगलंय?"

मग मात्र रविवार घालवून त्यांनी त्याचं दुकान परत उभं करून दिलं.

आणि कावळा. तिसरा कॉम्प्युटर, कोपऱ्यातला, जुना, एक कळ निघालेल्या कीबोर्डचा, त्याला सर कावळो म्हणायचे. हिंदूंकडे म्हाळाच्या दिवसांत वाडी ठेवतात, केळीच्या पानावर सगळं वाढून घराबाहेर कावळ्यासाठी. कावळा जेवल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. लहानपणी शेजारच्या घरची माणसं भुकेली, कावळ्याला हाका मारत बसलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे मला हे लगेच कळलं. नवी आवृत्ती आली की ती आधी कावळ्याला वाढायची. तो जेवला, त्याला पचलं, की मग पुढच्या टेबलावरचा कॉम्प्युटर आणि सगळ्यांत शेवटी डबीवाला. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात असं मला पुढे कळलं, पण त्यांच्याकडे त्याला इतकं चांगलं नाव नाही.

आता माझी चूक. सांगते, कारण ती लपवली तर सरांचं चित्र अर्धं राहील.

कार्तिकातले दिवस होते, जत्रा सुरू झालेल्या. सरांनी आठ दिवसांपूर्वी कावळ्यावर नवी आवृत्ती चढवली होती आणि तो अगदी ठणठणीत होता. प्रिंट काढत होता, पेशंटांची नावं उघडत होता, वर दिसायलाही देखणा झाला होता. गुरुवारी सर आपल्या गावच्या जत्रेला गेले. दुपारी क्लिनिक रिकामं होतं. मी कावळ्याकडे पाहिलं, डबीवाल्याकडे पाहिलं आणि माझ्या हातांना खाज सुटली. कावळा जेवला आहे, मग घरातल्यांनी का उपाशी राहावं? सर उद्या येतील तेव्हा सगळं तयार, केवढे खूश होतील. मी तो आकडा काढला, चौकटीवर बोट ठेवलं आणि दोन तास चणे खात बसले. नवी आवृत्ती आली. मला नाचावंसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मी थोडी नाचलेही.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर पखवाजवाले पायरीवर बसलेले.

ते कुणकेश्वरकडचे. दशावतारी नाटकमंडळीत तीस वर्षं पखवाज वाजवणारे. त्यांचा कान बसवणं हे सरांच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं. कानातल्या मशीनला बोलणं कळतं, पण पखवाजाचा दणका म्हणजे गोंगाट वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. बिचाऱ्यांना गायकाचा शब्द ऐकू यायचा, स्वतःची थाप नाही. मग सरांनी त्यांना पखवाज घेऊनच बोलावलं. आमच्या त्या एवढ्याशा खोलीत ते वाजवायचे आणि सर आकडे हलवायचे, परत वाजवायचे, परत हलवायचे. खालचे दुकानदार जिन्यावर येऊन बसायचे. दीड वर्ष असं चाललं. ज्या दिवशी त्यांना आपली थाप आपल्याला हवी तशी ऐकू आली, त्या दिवशी ते वाजवता वाजवता थांबले आणि सरांकडे नुसते बघत राहिले. तेच मशीन माझ्या चुकीच्या आठवड्यात घामाने बिघडलं होतं. त्याच जातीचं नवं मशीन कुरियरने आलेलं होतं, कोरं. त्यात त्यांचे आकडे भरायचे होते, बस. त्या शुक्रवारी रात्री बांद्याकडच्या एका गावात त्यांचं नाटक होतं, आणि मंडळीच्या मालकाने सांगून ठेवलं होतं की आज जमलं नाही तर पुढच्या हंगामाला दुसरा माणूस बघतो.

मी नवं मशीन वायरला लावलं, वायर डबीला. डबीचा हिरवा दिवा पेटला नाही. वायर काढून परत लावली. दुसऱ्या भोकात लावली. पडद्यावर आलं की असं कुठलंही उपकरण जोडलेलं नाही. पखवाजवाले माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण त्यांना तेवढंच करता येत होतं.

सर दहाला आले, जागरणाने डोळे लाल, कपाळावर जत्रेचा अंगारा. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं ते आता मशीन काढतील आणि ब्रशने साफ करत बसतील. त्यांनी काढलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं, आणि तेच मला जास्त लागलं.

"कावळो जेवलो ता खरा," ते म्हणाले. "पण तेच्या ताटात डबी खंय होती?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कावळ्याला डबी कधी जोडलेलीच नव्हती. ती सर सोमवारी जोडून बघणार होते. कावळ्याने सगळं जेवण चाखलं होतं, फक्त ज्यासाठी पान मांडलेलं होतं तेच सोडून. मला रडू फुटलं. सर म्हणाले की रडायला दुपार आहे, आधी परत जाण्याची वाट बघू. नवी आवृत्ती चढवल्यावर दहा दिवसांच्या आत मागे फिरता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो पर्याय शोधला आणि दाबला. पडदा काळा झाला आणि एक वर्तुळ गरगरायला लागलं. तासभर तरी लागणार होता. बांद्याकडे जाणारी शेवटची सोयीची गाडी दीडची.

आणि वर्तुळ फिरत असतानाच वीज गेली. इन्व्हर्टर किंचाळायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी, मध्येच बंद पडली तर ना नवी आवृत्ती ना जुनी, हातात काहीच उरलं नसतं. सरांनी पटापट पंखे बंद केले, दिवे बंद केले, फ्रिज बंद केला, मला कावळा बंद करायला लावला. एवढी सगळी वीज त्या एका वर्तुळासाठी. बाहेर पंधरावीस पेशंट घामाघूम बसले होते. सर दारात उभे राहिले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान हौसेन केला, वायट मनान नाय केला, ता पोटात घाल. काल जसा होता तसा आज कर. डबयेचो दिवो पेटव आणि ह्या वाजवप्याक येळेर जत्रेत पोचव रे म्हाराजा."

आता आमचे पेशंट म्हणजे सगळे कानाने कमी. ज्यांना ऐकू आलं ते लगेच "व्हय म्हाराजा" म्हणाले. बाकीच्यांनी त्यांचे जोडलेले हात पाहिले, काय चाललंय ते ओळखलं आणि एका श्वासाच्या अंतराने, आपला आवाज आपल्याला कळत नसल्यामुळे, जिवाच्या आकांताने ओरडले. प्रत्येक गाऱ्हाण्याला दोन-दोन होकार. खाली रिक्षावाले वर बघायला लागले. सरांनी परत घातलं, परत तसंच झालं, आणि तिसऱ्या खेपेला तर पखवाजवाल्यांनी बाकावर थाप देऊन साथ धरली. मी रडत होते आणि हसत होते आणि त्या वर्तुळावरून डोळे हलवत नव्हते.

सव्वा बाराला जुना पडदा आला. डबीचा दिवा हिरवा झाला. सरांनी आकडे भरले, मशीन पखवाजवाल्यांच्या कानात घातलं. त्यांनी टेबलावर दोन बोटं मारली, मान वाकडी करून ऐकलं, मग पूर्ण हात मारला. त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले, आपला पखवाज उचलला आणि जिना उतरून गाडीसाठी पळाले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

संध्याकाळी शटर ओढताना सर एवढंच म्हणाले, "दुसऱ्याचो कान कावळ्याक घालूचो नसता, बाय." नंतर कधीही त्यांनी हा विषय काढला नाही. आता ते गावी असतात, काजू बघतात, मी त्यांच्या खुर्चीवर बसते. दुसऱ्या बुधवारी त्यांचा फोन येतो, भोकं बुजवली का विचारायला. बांगडा मिळाला का हेही विचारतात.

पण ते गावी जायच्या आधीचा एक बुधवार सांगायचा राहिला. आमच्या आवृत्तीला पॅच मिळणं बंद होणार अशी तारीख आली होती. मला वाटलं सर आता अडून बसतील. उलट तेच मागे लागले. पॅच नाहीत म्हणजे गडगा नाही, आणि बिनगडग्याच्या घरात राहायला ते काही झेरॉक्सवाले नव्हते. दर आठवड्याला ते डबीच्या कंपनीला फोन करत, शेवटी तिथल्या मुली त्यांना आवाजावरून ओळखायला लागल्या. आणि एक दिवस नव्या आवृत्तीत डबी चालवणारं सॉफ्टवेअर आलं. सरांनी मला कंदी पेढे वाटायला लावले.

त्या बुधवारी या वेळी डबी कावळ्याच्या ताटात होती. मी विचारलं की कुठलं मशीन लावून बघायचं, आपल्याकडे दाखवायला ठेवलेलं एक रिकामं आहे. सरांनी मान हलवली. बाहेर बाकावर पखवाजवाले बसले होते, त्यांचं मशीन तपासणीला आलेलं. सरांनी काचेतून त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या कानातलं मशीन काढलं, ब्रशने साफ केलं आणि माझ्या हातात दिलं.

"रिकाम्या मशीनीक दुखणा कळना नाय," ते म्हणाले. "भितर कान होयो. पयलो माझो."

सरांचं मशीन आता कुठे तयार होत नाही, हे मला माहीत होतं. ते मध्येच बिघडलं असतं तर सर परत त्या मागच्या बाकाच्या मुक्या वर्गात जाऊन बसले असते. मी नको म्हणाले. त्यांना ते ऐकूच आलं नाही. त्यांनी हात जोडले आणि मला खुणेने सांगितलं, आज गाऱ्हाणं तू घाल. मग मी घातलं, मालवणच्या चर्चमध्ये लहानाची मोठी झालेल्या मी, बारा वाटांच्या राखणदाराला हाका मारल्या. सर माझ्या ओठांकडे बघत होते. वायर लावली, डबीचा दिवा हिरवा झाला, आकडे चढले. मशीन त्यांच्या कानात घालून, कुणाचेही ओठ दिसू नयेत म्हणून आम्ही चाचणीला उभे राहतो तशी मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. अगदी हळू म्हटलं, "हे कान सांभाळ रे म्हाराजा."

सर हलले नाहीत.

"आमेन," सर म्हणाले. "आता पखवाजवाल्याक भितर घे."

मी धावत जाऊन दार उघडलं.